सागरापलीकडील मावशी
कै. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र

भुसावळ, जळगाव आणि चाळीसगावावरून जाणारा लोहमार्ग आपणा खानदेशवासीयांच्या परिचयाचा आहे. १८७० साली तो जबलपुराकडून येणाऱ्या मार्गास जोडला गेला, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे कलकत्त्याकडील विलायती टपाल याच वाटेने मुंबई बंदरास जात असे व तेथून परत येत असे. १८८१ ते १८८३ या काळात त्या टपालाच्या थैल्यांत एका सोळा-सतरा वर्षांच्या मराठी मुलीची पत्रे अमेरिकेतील एका ख्रिस्ती गृहिणीकडे जात होती. दोघींनी एकमेकींस कधी पाहिले नव्हते. दोघींचा देश निराळा, भाषा निराळी, धर्म निराळा. तरी त्या पत्रांतून जे नाते जडले, त्याच्या बळावर ती मुलगी समुद्र ओलांडून गेली आणि अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली हिंदू स्त्री झाली. तीच डॉक्टर आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचे नाव शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. परंतु त्यांचे चरित्र सांगणारे बहुधा पतीचा हट्ट आणि पत्नीची पदवी एवढ्यावरच थांबतात. पत्रे लिहिणाऱ्या त्या अमेरिकन बाईविषयी फारसे कोणी बोलत नाही. तसेच आनंदीबाई मरेपर्यंत हिंदूच राहिल्या. तेव्हा त्यांचे चरित्र आपल्या मंडळीच्या पत्रात कशाकरिता, असेही एखादा बंधू विचारील. त्याने लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच आमची विनंती.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. तिचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यास आजोळी झाला. माहेर कल्याणचे, घराणे एके काळी सुस्थितीतले, पण पुढे ओढगस्तीस लागलेले. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. वर गोपाळराव जोशी हे टपालखात्यात नोकर, बिजवर, आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. त्यांनी लग्नापूर्वीच एक विलक्षण अट घातली होती, ती ही की मुलीस मी शिकवीन आणि त्यास कोणी आडवे येऊ नये. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांविषयी निवाडा करणे कठीण आहे. ज्या काळी बायकोने पुस्तक हाती धरणे म्हणजे घरावर अरिष्ट आणणे असे लोक समजत, त्या काळी त्यांनी तिला वाचावयास बसविले, हे खरे. अभ्यास चुकला असता त्यांनी तिच्यावर हात टाकला, हेही खरे. पुढे परदेशातून लिहिलेल्या एका पत्रात तिने स्वतः त्या दिवसांची आठवण त्यांस करून दिली आहे. उपकार आणि जुलूम एकाच हातून झाले. तिने दोन्हींची नोंद ठेविली आणि त्यांच्याविषयीचा आदर सोडिला नाही.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळाले नाहीत आणि बाळ हातचे गेले. बाळंतिणीची खोली, सुईणीच्या हातांतील अडाणी उपाय, परपुरुष डॉक्टरापुढे जाण्याची लाज, या सर्वांची किंमत तिने त्या दहा दिवसांत दिली. आपल्या देशातील स्त्रियांस स्त्री वैद्य पाहिजे, हा विचार तिच्या मनात तेथून घर करून राहिला.

गोपाळरावांच्या बदल्या होत असत: अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, कच्छातील भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. कोल्हापुरास असता त्यांची तेथील अमेरिकन मिशनच्या लोकांशी ओळख झाली. आपल्या पत्नीस अमेरिकेत शिक्षण मिळावे आणि तेथे आपणास काही काम मिळावे, अशा अर्थाचे पत्र त्यांनी लिहिले. ते रेव्हरंड वाइल्डर यांजकडे गेले. वाइल्डरसाहेबांनी कोल्हापुरात पुष्कळ वर्षे सेवा केली होती आणि आता ते अमेरिकेत परतून प्रिन्स्टन येथून मिशनकार्याचे एक नियतकालिक चालवीत होते. त्यांनी ते पत्र आणि आपले उत्तर दोन्ही छापिली. उत्तराचा आशय असा की, हे दांपत्य ख्रिस्ती झाले तर साहाय्याची वाट मोकळी होईल. गोपाळरावांस ही अट मान्य नव्हती, आणि गोष्ट तेथेच थांबली.

वाइल्डरसाहेबांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्याने आपले आयुष्य सुवार्तेकरिता वेचले, त्याने प्रत्येक गोष्ट त्याच काट्यावर तोलावी हे साहजिक आहे. शिवाय मदतीच्या आशेने बाप्तिस्मा मागणारे लोक त्यांनी पाहिले असतील. आपल्यापैकी कोणी पाहिले नाहीत? पण पुढे काय झाले ते पाहावे.

१८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावची थिओडोशिया कार्पेंटर नावाची बाई दात दाखविण्याकरिता दंतवैद्याकडे गेली होती. तेथे बसल्या बसल्या तिने ते नियतकालिक सहज उचलून चाळले. तीत तिला ते पत्र आणि ते उत्तर दिसले. एका हिंदू गृहस्थास आपली पत्नी शिकावी अशी तळमळ आहे, आणि त्याला मिळालेले उत्तर हे असे आहे, ही गोष्ट तिच्या मनास लागली. ती मिशनरी नव्हती. तिच्या हाती कोणत्याही संस्थेचा पैसा नव्हता. ती घरसंसार करणारी, लेकुरवाळी ख्रिस्ती बाई होती. घरी जाऊन तिने एका अनोळखी मुलीस पत्र लिहिले, आणि अमेरिकेस आल्यास माझे घर तुझे आहे असे कळविले. बाप्तिस्म्याविषयी तीत काही अट नव्हती.

ते पत्र भूज येथे आनंदीबाईंच्या हाती पडले. त्या वेळी त्या पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांनी इंग्रजीत उत्तर लिहिले, आणि पत्रांची जा-ये सुरू झाली. एका पत्राचे उत्तर हाती येईपर्यंत महिने लोटत. आनंदीबाई त्या बाईस मावशी म्हणू लागल्या. त्या पत्रांत काय नव्हते? आपले सण, आपले अन्न, बालविवाहाची चाल, विधवांची स्थिती, हिंदू व ख्रिस्ती धर्मांतील भेद, आणि स्वतःच्या अंगची कसर. आनंदीबाईंची प्रकृती आधीपासून नाजूक होती. डोके दुखे, बारीक ताप येई, दम लागे. मावशी तिकडून औषधे पाठवी. ती लागू पडली नाहीत, परंतु हजारो कोसांवरून कोणी आपल्या डोकेदुखीकरिता औषध बांधून पाठविते, यात जे औषध आहे ते निराळेच. ज्या खेड्यात टपालवाला आठवड्यातून एकदा येई आणि पत्र वाचून दाखविण्यास उपदेशकाच्या घरी जावे लागे, तेथील जुन्या माणसांस हे समजावून सांगणे नको.

एक गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. आनंदीबाईंनी या ख्रिस्ती मावशीस मिशनरी लोकांविषयी स्पष्ट तक्रार लिहिली होती. ते हट्टी आहेत आणि दुसऱ्याच्या धर्मास तुच्छ लेखतात, असे त्यांचे मत झाले होते. असे पत्र वाचून मावशीस राग आला असता तर नवल नव्हते. परंतु पत्रव्यवहार तुटला नाही.

आता कॉलेजाविषयी सांगितले पाहिजे, कारण येथे क्वेकर लोकांचा संबंध येतो. आनंदीबाईंनी अर्ज केला तो फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाकडे. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातील फिलदेल्फिया मंडळी आपणास ठाऊक आहे. त्याच नावावरून, म्हणजे बंधुप्रेम या अर्थाने, विल्यम पेन नामक क्वेकराने सतराव्या शतकात अमेरिकेतील आपल्या शहराचे नाव ठेविले. क्वेकर लोक स्वतःस मित्रसमाज म्हणवितात. त्यांच्यात वेतन घेणारा पाळक नसे. उपासनेत सर्वजण स्तब्ध बसत आणि ज्यास आत्म्याची प्रेरणा होईल तो बोले, मग तो पुरुष असो वा स्त्री. आपल्या खानदेशच्या वरच्या अंगास इटारसी व होशंगाबाद भागात याच समाजाच्या मिशनने पुष्कळ काम केले, म्हणून काही वाचकांस हे नाव ओळखीचे असेल.

ज्या समाजात बाईस देवाच्या घरात बोलण्याची मोकळीक होती, त्या समाजातील बायका घराबाहेरही गप्प राहिल्या नाहीत. फिलाडेल्फियातील लुक्रेशिया मॉट ही त्यांतील एक. गुलामगिरी नाहीशी व्हावी म्हणून ती आयुष्यभर झटली. १८४० साली लंडन येथे गुलामगिरीविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हा ती प्रतिनिधी म्हणून गेली असता केवळ स्त्री म्हणून तिला सभासदांत बसू दिले नाही. त्या प्रवासात डब्लिन शहरातील रिचर्ड वेब आणि त्याची पत्नी हॅना या क्वेकर दांपत्याशी तिचा स्नेह जडला, आणि मग पुष्कळ वर्षे समुद्रावरून पत्रे येत-जात राहिली. त्या काळचे हे सुधारक मोठमोठ्या सभांनी जितके बांधलेले होते, त्याहून अधिक पत्रांनी बांधलेले होते. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी बंद झाली. ती वार्ता आपल्या महाराष्ट्रातही पोहोचली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील त्या सज्जनांसच अर्पण केला.

याच फिलाडेल्फियात १८५० साली काही क्वेकर गृहस्थांच्या पुढाकाराने स्त्रियांकरिता वैद्यकीय कॉलेज उघडले. पहिल्या वर्गात आठ स्त्रिया पदवीधर झाल्या. त्यांपैकी ॲन प्रेस्टन ही क्वेकर घराण्यातील बाई १८६६ साली कॉलेजाची मुख्य झाली. तिच्या वेळी, १८६९ साली, विद्यार्थिनी शहरातील मोठ्या इस्पितळात शिक्षणाकरिता गेल्या असता पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो करून त्यांचा अपमान केला. बायका हटल्या नाहीत. त्याच वर्षी या कॉलेजातून क्लारा स्वेन पदवीधर झाली, आणि १८७० च्या आरंभी ती बरेलीस येऊन पोहोचली. हिंदुस्थानात मिशनकरिता आलेली ती पहिली स्त्री डॉक्टर. आनंदीबाईंच्या वेळी कॉलेजाच्या मुख्य रेचल बॉडली या होत्या. त्या स्वतः क्वेकर नव्हत्या, पण त्या घराची रीत त्यांनी मोडू दिली नाही. अर्जदार हिंदू आहे म्हणून त्यांनी दार लावून घेतले नाही.

आनंदीबाई त्या वेळी बंगालात श्रीरामपुरास होत्या. हे केरीसाहेबांचे श्रीरामपूर. येथेच १८११ साली मराठी नवा करार छापून निघाला. गोपाळरावांस बरोबर जाणे जमेना, तेव्हा पत्नीने एकटीने जावे असे ठरले. लोकांत गवगवा झाला. हिंदूंस वाटे, ही बाटणार. ख्रिस्ती लोकांस वाटे, हिने आधी बाप्तिस्मा का घेऊ नये. तेव्हा फेब्रुवारी १८८३ मध्ये केरीसाहेबांच्या त्या कॉलेजाच्या दिवाणखान्यात, अठरा वर्षेही पुरी न झालेल्या या मुलीने सभेपुढे उभे राहून इंग्रजीत भाषण केले. देशास स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे ते तिने सांगितले, आणि मी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असेही निर्भयपणे सांगून टाकिले. ख्रिस्ती कॉलेजाने तिला हे बोलावयास आपली जागा दिली, ही गोष्ट आम्हास त्या भाषणाइतकीच मोठी वाटते.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाज सुटले. बरोबर अमेरिकन बायका होत्या, आपले माणूस एकही नव्हते. सुमारे दोन महिन्यांनी, जूनच्या आरंभी, आनंदीबाई न्यू यॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. तेथे मावशी उभी होती. तीन वर्षे कागदावर पाहिलेले माणूस त्या दिवशी प्रथम डोळ्यांनी दिसले. रोझेलच्या त्या घरात आनंदीबाई लेकीसारख्या राहिल्या. त्या नेसत लुगडे, आणि मांसास शिवत नसत. मावशीने घरातील मुलीचे म्हणून जे करावयाचे ते सर्व केले, आणि पाहुणीच्या ताटात तिला न चालणारे काही वाढले नाही.

ऑक्टोबरात अभ्यास सुरू झाला. अमेरिकेतील हिवाळा, अपुरे अन्न आणि रात्रीची जागरणे ही त्या नाजूक देहास सोसणारी नव्हती. क्षयाने आत घर केले होते. कॉलेजात त्यांच्या बरोबरीने जपानची के ओकामी आणि सिरियाची सबात इस्लामबुली अशा दोन परदेशी विद्यार्थिनी होत्या. १८८५ साली काढलेले तिघींचे एक छायाचित्र आहे. प्रत्येकीने आपापल्या देशाचा पोशाख केला आहे. पुढे गोपाळरावही अमेरिकेस आले. तेथे त्यांनी ठिकठिकाणी भाषणे देऊन ख्रिस्ती लोकांवर व अमेरिकेवर टीका केली. ज्यांच्या घरी पत्नी जेवत होती त्यांच्यावरच पतीने असे बोलावे, यामुळे आनंदीबाईंची किती कुचंबणा झाली असेल! मावशीच्या घरचे दार तरीही उघडेच राहिले. (हेच गोपाळराव १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणाचे सूत्रधार. टिळक, रानडे आदिकरून मंडळींस मिशनमध्ये बोलावून, कोण कोण आले होते त्यांची नावे त्यांनी वर्तमानपत्रात छापून आणिली. मनुष्य असा होता.)

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंस पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा निरोप आला. त्या समारंभास इंग्लंडहून मुद्दाम पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातील. रमाबाईंनी १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. तो समारंभ डोळ्यांपुढे आणावा: एक मराठी ब्राह्मण स्त्री ख्रिस्ती झालेली, दुसरी हिंदू राहिलेली, आणि दोघींचा सारख्याच मायेने आदर करणाऱ्या बॉडलीबाई. रमाबाई त्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांविषयी त्यांनी १८८७ साली इंग्रजीत जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यास प्रस्तावना बॉडलीबाईंनी लिहिली. त्याच वर्षाच्या शेवटी बॉस्टन येथे रमाबाईंच्या कार्यास साहाय्य करणारे मंडळ स्थापन झाले. परत आल्यावर रमाबाईंनी मुंबईस शारदासदन उघडिले, त्याची तारीख ११ मार्च १८८९.

आनंदीबाईंस तो दिवस दिसला नाही. कोल्हापूर संस्थानाने आपल्या इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली होती. १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या त्या अंथरुणास खिळूनच. पुण्यास उपचार चालले. गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ज्या कामाकरिता त्या एवढ्या दूर गेल्या, ते काम एक दिवसही त्यांच्या हातून झाले नाही.

हे वाचून कोणी म्हणेल की मावशीचे श्रम वाया गेले. आत्मा जिंकला नाही, आणि डॉक्टरही मिळाली नाही. आमच्यातील पुष्कळ उपदेशक बंधू वर्षाच्या अखेरीस बाप्तिस्म्यांची यादी करितात, आणि यादी लहान असली म्हणजे त्यांचे मन खचते. त्यांची ती चिंता खोटी नाही. पण कार्पेंटरबाईंच्या यादीत एकही नाव नाही, आणि तरीही त्यांचे ख्रिस्तीपण आम्हास कोणाहून उणे वाटत नाही. शोमरोनी मनुष्याने वाटेवरील जखमी माणसास उचलण्यापूर्वी त्याचे मत विचारल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही.

रेचल बॉडली १८८८ साली निवर्तल्या. त्याच कॉलेजातून १८९२ साली आणखी एक मराठी स्त्री डॉक्टर होऊन बाहेर पडली. ती आपल्या ख्रिस्ती मंडळीतली: रेव्हरंड सुमंतराव करमरकर यांच्या पत्नी गुरुबाई. अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने त्यांनी मुंबईस अनेक वर्षे स्त्रिया व मुले यांची शुश्रूषा केली.

आनंदीबाईंची पत्रे कार्पेंटरबाईंनी जपून ठेविली होती. ती त्यांनी कॅरोलिन डॉल या लेखिकेस दिली, आणि तिने त्यांवरून लिहिलेले चरित्र १८८८ साली बॉस्टन येथे प्रसिद्ध झाले. पुढे काशीबाई कानिटकर यांनी मराठीत चरित्र लिहिले. गोपाळरावांनी पत्नीच्या रक्षा अमेरिकेस मावशीकडे पाठविल्या. न्यू यॉर्क प्रांतात पोकीप्सी येथे कार्पेंटर घराण्याची दफनभूमीत जागा आहे. तेथे घरच्या माणसांच्या शेजारी त्या रक्षा पुरल्या, आणि वर दगड बसविला. त्यावर आनंदीबाईंचे नाव आहे, आणि विद्येकरिता हिंदुस्थान सोडून आलेली ही पहिली ब्राह्मण स्त्री, असे लिहिले आहे.